तेरडा उपटू नका, पेरा!

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. परक्यांशी नाही, आपल्याच माणसांशी. (आणि त्यात मीही आलेच!)

माझी पुतणसून कोलोरॅडोत असते. गेल्या वर्षी तिने परसात कोलंबाइन लावलं, तिकडचं निळं-पांढरं रानफूल. बी ओल्या वाळूत कालवून काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं. थंडी सोसल्याशिवाय ते नीट उगवत नाही म्हणे. मी फोनवर म्हटलं, "अगं, एवढा खटाटोप कशाला? डोंगरावरून दोन रोपं उपटून आणायची!" तर म्हणाली, "काकू, इथे तो गुन्हा आहे." १८९९ पासून ते त्यांचं राज्यफूल आहे, आणि १९२५ च्या कायद्याने सरकारी जमिनीवरून ते मुळासकट उपटायला बंदी आहे.

मी गप्पच झाले. मला आमच्या गौरी आठवल्या.

आमच्याकडे तेरड्याची गौर असते, मुळासकट. गावी असताना परसातला तेरडा घ्यायचो. नेरुळला आल्यापासून बाजारातून जुडी आणत होते. डोंगरावरून उपटून आणलेली! आपण मुळं शाबूत आहेत ना ते बघतो आणि वर दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. पण तेरडा म्हणजे एका पावसाचं झाड. फुलं गेली की बोंडं धरतात, पिकली की हात लागताच तडकतात, बी उडतं आणि तेच पुढच्या पावसात उगवतं. आपण नेमका ऐन फुलात, बी धरायच्या आत तो उपटतो. आणि निरोप देताना म्हणतो, पुढच्या वर्षी लवकर या! येणार कुठून?

कोणी म्हणेल, तेरड्याला काय तोटा? ढिगाने उगवतो. उगवतो ना, डोंगर शिल्लक असेल तिथे. पारसिकचा डोंगर खाणींनी कसा पोखरला ते नवी मुंबईकरांना मी वेगळं सांगायला नको.

कोणी म्हणेल, विकणाऱ्या बायकांच्या पोटाचं काय? हा प्रश्न मात्र खरा आहे. मी त्यांच्याकडून कंटोळी, टाकळा, केळीची पानं घेते आणि भाव करत नाही. ज्यांना त्यांची काळजी वाटते त्यांनी आधी घासाघीस सोडावी.

आमच्या वन्सं म्हणाल्या, "कुंडीतली गौर चालते का?" मी म्हटलं, गौर माहेरवाशीण ना? मग माहेरी वाढलेली बरी, की रानातून उपटून आणलेली? त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. (पण पूजेला आल्या!)

करायला काहीच अवघड नाही. मैत्रिणीकडून बी आणलं, जूनच्या मध्यात खिडकीतल्या कुंड्यांत पेरलं. आठ-दहा दिवसांत उगवलं, दोनेक महिन्यांत फुललं. फ्रिज नको, वाळू नको. पाणी तेवढं साचू द्यायचं नाही. गौरीला पाच रोपं मुळासकट काढली, दोन बियाण्याला ठेवली. बोंडं फुगल्यावर त्यांना मलमलीचं फडकं बांधलं, म्हणजे तडकली तरी बी फडक्यातच. वाळवून कागदाच्या पुड्यांत ठेवलंय.

तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवली. बियांबद्दल मात्र एक शब्द बोलले नाही. असो.

पुड्या तयार आहेत. नेरुळ-सीवूड्सकडच्या मंडळींनी पावसाआधी येऊन घेऊन जा. चहा मिळेलच. आणि पटलं नसेल तर तेही लिहा, भांडायची माझी तयारी आहे!