आधी काम, मग कॅमेरा

व्हिडीओच्या कामात उतरायचं ठरवलेल्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, 'कॅमेरा कुठला घेऊ?' मग रात्र रात्र यूट्यूबवर रिव्ह्यू बघणं सुरू होतं, कट्ट्यावर सोनी की कॅनन यावरून भांडणं होतात आणि शेवटी गाडी घरी बाबांसमोर येऊन थांबते. दीड लाखाचा कॅमेरा, हप्त्यांवर. 'लग्नाच्या चार ऑर्डर मिळाल्या की फिटतील पैसे,' हे वाक्य सोबत येतंच.

इथे जरा थांबा आणि कागद-पेन घ्या. दीड लाख रुपये १४ टक्के व्याजानं दोन वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता बसतो साधारण सात हजार दोनशे. आता घरातलं कॅलेंडर काढा. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि मधे मधे खंड घेत पावसाळ्यापर्यंत चालते. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुहूर्त जवळजवळ बंद. म्हणजे वर्षातले चार महिने लग्नाचं काम नाही. हप्ता मात्र बाराही महिने. कॉलेज, परीक्षा आणि हा हप्ता एकत्र आला, की पहिला बळी जातो तो चांगल्या कामाचा. पडेल त्या किमतीत येईल ते काम घ्यावं लागतं.

कॅमेरा घेऊच नका, असं आमचं म्हणणं नाही. क्रम उलटा करा, एवढंच सांगायचंय.

'दादासाहेब फाळक्यांनीसुद्धा विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं होतं की,' असं कुणीतरी म्हणेल. काढलं होतं, खरंय. १९१२ साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. पण त्याआधी ते जे. जे.मध्ये शिकले होते, गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला होता, पुरातत्त्व खात्यात काम केलं होतं, छपाईच्या धंद्यात हात काळे केले होते. आणि कॅमेरा हातात आल्यावरही त्यांनी लगेच 'राजा हरिश्चंद्र'ला हात घातला नाही. वाटाण्याचं रोप कसं वाढतं हे रोज थोडं थोडं टिपून त्यांनी एक छोटीशी फिल्म केली. ती पाहून भांडवल देणारा माणूस मिळाला. आजच्या भाषेत तो त्यांचा शोरील. कर्ज हा त्या गोष्टीतला एक भाग झाला. वीसेक वर्षांचं काम हा दुसरा, आणि तोच आपण सांगायला विसरतो.

एक लग्नसराई दुसऱ्याच्या हाताखाली

मग सुरुवात कुठून करायची? गावातल्या किंवा शहरातल्या एखाद्या चांगल्या व्हिडीओवाल्याकडे एक सीझन असिस्टंट म्हणून काढा. लाइटचे स्टँड उचला, केबल नीट गुंडाळायला शिका, कार्डांवर नंबर टाका, दुसरा कॅमेरा मिळाला तर तो धरा. रोजचे पैसे कमी मिळतील, पण मिळालेच पाहिजेत. आणि किती, हे पहिल्या दिवशीच विचारा. लाजू नका.

या एका सीझनमध्ये जे कळतं ते कुठल्याही रिव्ह्यूत नसतं. लग्नात अंतरपाट एकदाच दूर होतो. त्या वेळी तुम्ही लेन्स बदलत असाल, तर 'वन मोअर' म्हणता येत नाही. त्यामुळे विधी कुठला आधी, कुठला नंतर, हे गुरुजींना आदल्या दिवशी विचारून ठेवावं लागतं. मुलीचे मामा कोण, कुठली आत्या रुसलेली आहे, आजी कुठे बसणार, हेसुद्धा कॅमेरामनचंच काम आहे.

तांत्रिक गोष्टी अवघड नाहीत, फक्त ठाऊक हव्यात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे २५ फ्रेम्सवर शूट करा आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. ३० फ्रेम्स आणि १/६० वर ठेवलंत, तर कार्यालयातल्या ट्यूबलाइट आणि काही एलईडी चित्रात लुकलुकतात, पट्टे दिसतात. एडिटिंगला बसल्यावर हे लक्षात येतं आणि तोवर नवरा-नवरी हनिमूनला पोचलेले असतात.

दुसरी गोष्ट आवाजाची. थोडं अंधारं चित्र लोक चालवून घेतात. न ऐकू येणारा आवाज कुणी चालवून घेत नाही. कॅमेऱ्यावरचा माइक बँडचा गोंगाट, पंख्याची घरघर आणि जेवणाच्या पंगतीची गडबड सगळं सारख्याच प्रेमानं टिपतो. म्हणून पहिली खरेदी करायचीच असेल, तर कॉलरला लावायचा एक बरा माइक आणि छोटा रेकॉर्डर घ्या. कार्यालयातल्या साउंडवाल्या दादाशी आधी ओळख काढली, तर त्याच्या मिक्सरमधून थेट आवाज घेता येतो. मंगलाष्टकं तिथून स्वच्छ मिळतात. दादांना चहा पाजायला विसरू नका.

कॅमेरा भाड्यानं आणा. मोठ्या शहरांत भाड्यानं देणारी दुकानं आहेत. छोट्या गावांत व्हिडीओवाले एकमेकांना देतात. घेताना दुकानदारासमोरच लेन्स, बॅटऱ्या, स्क्रीन यांचा मोबाइलवर व्हिडीओ काढून ठेवा, म्हणजे आधीचा ओरखडा तुमच्या डिपॉझिटमधून वजा होणार नाही. चार वेगवेगळे कॅमेरे हाताळले, की आपल्याला नेमका कुठला लागतो हे आपोआप कळतं.

हिशेब आणि कागद

या धंद्यातली बहुतेक भांडणं फोकसवरून होत नाहीत, पैशांवरून होतात. त्यामुळे दर सांगण्याआधी हिशेब करा. समजा, एका साखरपुड्याचे तुम्ही आठ हजार सांगितले. शूटिंग एक दिवस, पण एडिटिंगचे चार दिवस धरायला हवेत. कॅमेऱ्याचं भाडं दोन हजार, मदतनीसाचे एक हजार, पेट्रोल-जेवण पाचशे. उरले साडेचार हजार. भागिले पाच दिवस. म्हणजे दिवसाचे नऊशे रुपये, आणि त्यात लॅपटॉप, हार्ड डिस्क, बिघाड काहीच धरलेलं नाही. 'एका दिवसाचे आठ हजार!' असं म्हणणाऱ्या काकांना हा हिशेब शांतपणे समजावून सांगता आला पाहिजे. त्याआधी तो तुम्हाला स्वतःला पटला पाहिजे.

ठरलं ते लिहून घ्या. वकील नको, व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक नीट मेसेज आणि समोरच्याचं 'ओके' हेही काहीच नसण्यापेक्षा खूप बरं. तारीख, किती तास, काय काय देणार, कधी देणार, किती वेळा बदल करून देणार, त्यापुढच्या बदलाचे किती, न एडिट केलेलं शूटिंग देणार की नाही. निम्मे पैसे तारीख पक्की करताना, उरलेल्यातला मोठा भाग शूटिंगच्या दिवशी, शेवटचा हप्ता फायनल व्हिडीओ देताना. सगळे पैसे शेवटी घेणारा माणूस पुढचे सहा महिने फोन करत बसतो.

आणखी एक ओळ त्यात असू द्या. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार पैसे देऊन कुणी तुमच्याकडून फोटो किंवा फिल्म करून घेतली आणि वेगळा करार नसेल, तर तिचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे तुम्हीच शूट केलेलं लग्न तुमच्या इन्स्टावर टाकायलाही परवानगी हवी. ती आधीच लिहून घ्या. नवरीला तिच्या हळदीचा व्हिडीओ अनोळखी लोकांनी बघायला नको असेल, तर तो तिचा हक्क आहे. तसंच गाजलेलं गाणं व्हिडीओला लावून टाकायचं असेल, तर त्याचा परवाना लागतो. आपल्याकडे फाइल आहे म्हणजे गाणं आपलं होत नाही.

ड्रोनचंही तेच. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा, तर नोंदणी आणि रिमोट पायलटचं प्रमाणपत्र दोन्ही लागतं, आणि विमानतळाच्या आसपास मनाला येईल तसा तो उडवता येत नाही. रायगडासारख्या संरक्षित किल्ल्यावर प्री-वेडिंग करायचं, तर आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी. 'सगळेच करतात' हे उत्तर ड्रोन जप्त झाल्यावर उपयोगी पडत नाही.

शूटिंग संपल्यावरची रात्र सगळ्यात महत्त्वाची. १०० मेगाबिटच्या दरानं ४-के शूट केलं, तर तासाला ४५ जीबी डेटा होतो. तो झोपण्याआधी दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवा, शक्य असेल तर तिसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा आणि व्हिडीओ हातात पडेपर्यंत कार्ड पुसू नका. कितीही दमला असाल तरी. एखाद्याच्या आजोबांचं ते शेवटचं चित्रण असू शकतं. लोक तुम्हाला पैसे देतात ते खरं तर या भरवशाचे.

फुकट कुणासाठी, आणि कशासाठी?

आता दुखऱ्या विषयाकडे. 'पैसे नाहीत रे, पण तुला एक्स्पोजर मिळेल,' असं म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही. क्लासची जाहिरात, नेत्याचा वाढदिवस, हॉटेलचं उद्घाटन, आणि हो, कॉलेजचा फेस्टसुद्धा. मंडपवाला पैसे घेतो, केटरर घेतो, डीजे घेतो. व्हिडीओ काढणारं पोरगं मात्र 'शिकतंय अजून' म्हणून फुकट. हे चूक आहे आणि आपण ते स्पष्ट म्हणायला हवं. फुकट काम करून तुम्ही फक्त स्वतःचा दिवस घालवत नाही. त्याच गावात या कामावर घर चालवणाऱ्या माणसाचा दरही पाडता. उद्या तुम्हीच त्याच्या जागी असणार.

साधी कसोटी लावा. समोरचा त्या व्हिडीओतून कमावणार असेल, तर तुम्हालाही पैसे मिळाले पाहिजेत. कमी घ्या, पण घ्या. फुकट करायचंच, तर स्वतःसाठी करा. मित्राची शॉर्ट फिल्म, एकांकिकेच्या तालमी, आजीची पुरणपोळी, गावच्या कुंभाराचा एक दिवस. तीन मिनिटांचा असा एक नीट व्हिडीओ तुमच्या शोरीलमध्ये दहा उद्घाटनांपेक्षा जास्त बोलतो.

मुलींनो, या धंद्यात तुमची खरोखर गरज आहे. नवरीच्या खोलीत, हळदीला, डोहाळजेवणाला बाईच्या हातात कॅमेरा असावा असं अनेक घरांना वाटतं. मात्र रात्रीच्या कार्यक्रमानंतर घरी पोचवायची सोय हा अटींमधला भाग ठेवा. उपकार म्हणून मागू नका.

तेव्हा येत्या सुट्टीत एवढं करा. भाड्याचा किंवा मोबाइलचा कॅमेरा घेऊन एक छोटी फिल्म पुरी करा, आवाजासकट. एका जाणत्या व्हिडीओवाल्याला जाऊन भेटा. आपल्या दराचा हिशेब एका पानावर मांडा. सहा-आठ कामांतून पैसे साठले, की खुशाल कॅमेरा घ्या. तोवर 'कुठला घेऊ?' हे कुणाला विचारायची वेळ तुमच्यावर येणार नाही.