धाप लागते का, धाप?

नागपुरात मे महिन्यात सहसा कोणी भांडत नाही. ४६ डिग्रीत माणूस फार तर डोळे वटारतो, आणि तेही सावली बघून. तरीसुद्धा हा लेख मी मे महिन्यात, कूलरपुढे पाय सोडून, भांडायच्या पक्क्या इराद्याने लिहायला घेतला आहे. भांडण वैद्यकशास्त्राशी नाही. त्या शास्त्राचे माझ्यावर फार उपकार आहेत आणि त्यांची बिलंही मी जपून ठेवली आहेत. माझं भांडण आहे ते त्या शास्त्राच्या तोंडाशी.

त्याचं असं झालं. मागच्या वर्षी महालातल्या आमच्या आत्याला बरं वाटेना. वय अठ्ठ्याहत्तर, वजन त्याहून थोडं कमी. मी तिला धंतोलीत एका डॉक्टरांकडे नेलं. धंतोलीत हे एक बरं असतं, डोळे मिटून कुठलाही जिना चढा, वर डॉक्टर असतोच. हे डॉक्टर तरुण होते, हुशार होते, आणि बाहेर बावीस नंबर खोळंबले होते.

“आजी, ब्रेथलेसनेस आहे का?” त्यांनी विचारलं.

परक्या घरी इंग्रजीत काहीही विचारलं, की ते खाण्यापिण्याचंच असणार असा आत्याचा समज आहे.

“नको बाबा,” ती संकोचून म्हणाली, “आत्ताच चहा घेऊन निघालो घरून.”

डॉक्टर हसले, मी हसलो, आणि त्या हसण्यात कागदावर काहीतरी लिहून झालं. चूक माझीही होतीच. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो, आणि मला इंग्रजी येतं अशी माझी चाळीस वर्षांची समजूत आहे. ऑटोत बसल्यावर आत्याने विचारलं, “ते लेसनेस का काय ते, म्हणजे काय रे?”

“धाप लागणं.”

“मग तसं विचारायचं नं बाप्पा! पंधरा दिवस झाले, धापच तर लागून राहिली. जिना चढतानी दोनदा बसलो नाही का मी?”

मी म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू. पुढची खेप त्याच रात्री दोन वाजता आली. आत्या पलंगावर ताठ बसलेली, खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरलेले, आणि निजवायला गेलं की जीव गुदमरून पुन्हा उठून बसायची. मिळेल त्या गाडीने दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथे रात्रपाळीला भंडाऱ्याकडच्या एक नर्सबाई होत्या. त्यांनी मास्क लावता लावता एकच प्रश्न विचारला, “आजी, निजायला उशा किती लागतात?”

“आधी एक लागे,” आत्या एकेक शब्द तोडत म्हणाली, “आता तीन.”

एवढ्यावर बाईंनी डॉक्टरांना उठवलं. फुप्फुसांत पाणी साठत होतं. आत्या आठ दिवस राहिली आणि भांडत भांडत घरी आली. या ‘आडवं झालं की दम कोंडतो’ प्रकाराला ऑर्थोप्निया म्हणतात, हे मला नंतर कळलं. ग्रीकमध्ये ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ, ‘प्नो’ म्हणजे श्वास. शब्द मोठा रुबाबदार आहे, पण तो मोजायचं माप मात्र उशी! डॉक्टर मंडळीसुद्धा तो उशांच्याच हिशेबात लिहून ठेवतात. म्हणजे कागदावर ग्रीक, आणि डोक्याखाली आपली सावरीची उशी.

तेव्हापासून मी या शब्दांच्या मागे लागलो आणि मला चमत्कारिक गोष्टी सापडल्या. ‘अस्थमा’ या शब्दापुढे आपण निम्मे नमतो. पण त्याचा मूळ ग्रीक अर्थ काय? धाप! अथेन्समधली कोणी आत्या जिन्यावर बसून जे म्हणाली, ते आज आपल्या फायलीवर टाइप होऊन येतं. आपला ‘दमा’ फारसी, तिकडे ‘दम’ म्हणजे श्वास. आयुर्वेदात तर रोगाचं नावच ‘श्वास’, आणि त्याचे पाच प्रकार : महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास, क्षुद्रश्वास. त्यातला ऊर्ध्व आपल्या आजीने केव्हाच उचलला. ‘म्हाताऱ्याला ऊर्ध्व लागला’ म्हटलं, की कुठल्या गावाहून कोणाला बोलवायचं हे घराला समजत असे.

तेव्हा शब्द ग्रीक की फारसी की संस्कृत, हा माझा तंटाच नाही. दुखणाऱ्याला तो कळतो का, एवढाच माझा सवाल आहे. आमचे भाषाभिमानी मित्र इथेच घसरतात. इंग्रजी हटवा म्हणतात आणि तिथे ‘परिफुप्फुसशोथ’ आणून बसवतात. हा शब्द ज्याला एका दमात म्हणता येतो, त्याला तो आजार नाही, असं निदान करायला हरकत नाही. अशा शब्दांच्या बाबतीत नागपूरकरांनी मात्र जपून हसावं. डॉ. रघुवीरांचा भला थोरला इंग्रजी-हिंदी कोश १९५५ साली आपल्याच गावातून निघाला. उपसर्ग, धातू, प्रत्यय जोडून हजारो शब्द घडवणाऱ्या त्या विद्वानाच्या कष्टांना मी नमस्कार करतो. पुस्तकाला असे शब्द लागतात. ‘श्वसनी’, ‘वायुकोश’ हे तर कानालाही गोड आहेत. पण रात्री दोन वाजता गज धरून बसलेल्या बाईला वायुकोश विचारू नये.

कारण तिच्याकडे तिचे शब्द आहेत आणि ते फार नेमके आहेत. जिना चढून लागते ती धाप. बंद खोलीत कोंडतो तो श्वास. धुरात गुदमरतो तो जीव. कोरडी लागते ती ढास, थांबता थांबत नाही ती उबळ, आणि अखेरीस पडून सुटका करतो तो बेडका. घशात खरखर, छातीत घरघर. यातला प्रत्येक शब्द म्हणजे अर्धी तपासणी आहे, आणि तिची फी नाही. त्याऐवजी आपण सगळ्याला मिळून म्हणतो, ‘ब्रीदिंगचा प्रॉब्लेम आहे.’ कोणता? कधी? निजल्यावर की चढल्यावर? प्रॉब्लेम गप्प!

आपलं इंग्रजी तरी कुठे धड असतं? २०२१ सालच्या त्या भयंकर एप्रिलमध्ये शेजारचे काका व्हेंटिलेटरवर आहेत असं मी आत्याला सांगितलं. आत्याच्या वाड्यात व्हेंटिलेटर म्हणजे दारावरचा झरोका. “तिथं कसे गेले?” ती घाबरून म्हणाली. “तिथं तर चिमण्या राहतात!” त्या दिवसांत कोणाला हसू आलं नाही. आणि गेलेल्या माणसाला आपण ‘एक्स्पायर झाला’ म्हणतो. मूळ अर्थ श्वास बाहेर सोडला असा, पण आपल्या कानाला तो माणूस औषधाच्या बाटलीसारखा तारीख उलटून गेल्यासारखा वाटतो. ‘प्राण गेला’ म्हणायला काय महाग पडतं?

डॉक्टर म्हणतील, परका शब्द आम्ही दयेपोटी वापरतो. खरं आहे, आणि त्याला मोठा आधारही आहे. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची गुंडाळी छातीला लावून ऐकलं आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. छातीतल्या आवाजांना तो फ्रेंचमध्ये ‘राल’ म्हणे. पण लोकांच्या बोलीत राल म्हणजे मरतानाची घरघर. रोगी ऐकूनच गार व्हायचा. म्हणून खाटेपाशी तो लॅटिन ‘राँकस’ म्हणू लागला. त्याच्या दयेला माझा दंडवत. पण बघा, त्याला रोग्याची बोली येत होती, म्हणून ती कुठे टाळायची हेही समजलं. आमच्याकडे टाळणंच तेवढं शिल्लक राहिलं.

ती बोली ऐकली तर काय होतं, हे बघायला पॅरिसला जायची गरज नाही. नागपूरच्याच मेडिकलमध्ये शिकलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत गेले. तिथल्या आया पोरांच्या न्यूमोनियाला आपल्या बोलीत ‘लहाक’ म्हणत, ‘धापा’ म्हणत. ५८ गावांत आयांना हे दुखणं ओळखायला सांगितलं, गावातल्याच माणसांना आणि दायांना औषध द्यायला शिकवलं. मोठे आकडे न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचं यंत्र केलं : मिनिटाचं वाळूचं घड्याळ, दहा श्वासांना एक मणी, आणि वाळू सरायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये हिशेब छापून आला. तुलनेच्या गावांत पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे १७.५ मुलं न्यूमोनियाने गेली होती, या गावांत ८.१. मुलं वाचवली औषधाने, हे मान्य. पण औषधाला घराचा पत्ता ‘धापा’ या शब्दाने सांगितला.

म्हणून माझी मागणी साधी आहे. डॉक्टरसाहेब, कागदावर ग्रीक लिहा, लॅटिन लिहा, ते वाचायला केमिस्ट आहेच. तोंडाने मात्र विचारा, ‘धाप लागते का? ढास आहे का? उशा किती?’ कॉलेजात जिथे हाडांची नावं पाठ करून घेतात, तिथे हे पंधरावीस शब्दही करून घ्या. परीक्षा घ्यायला आमची आत्या येईल. आणि आपण शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यांनी हसण्याआधी भाषांतर करावं.

हे सगळं आत्याला वाचून दाखवावं म्हणून परवा महालात गेलो. बाहेर ऊन, तिसरा मजला, हातात पाच किलोचं कलिंगड. वर पोचलो तर आत्या दारातच बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलेली.

“माझं सॅच्युरेशन सत्त्याण्णव,” ती ऐटीत म्हणाली, आणि माझ्याकडे निरखून बघत विचारलं, “तुला ब्रेथलेसनेस होऊन राहिला का रे?”

मी मान हलवून ‘नाही’ म्हटलं. खरा शब्द जिभेवर होता, दोन अक्षरी. पण तेवढाही दम नव्हता.