पावसाचा हिशेब खेळात मांडावा : बालभारतीस खुले पत्र

मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, पुणे.



सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकास क्यूआर कोडची जोड दिली, पुढे ते कोड राज्यभरातील पुस्तकांत आले, आणि २०२० साली डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला, याचा मला मनस्वी अभिमान आहे. तथापि कोडामागे बहुधा चित्रफीत असते, आणि ती कितीही सुबक असली तरी मुलाच्या वाट्यास केवळ श्रोत्याची भूमिका येते. प्रश्नमंजूषेवर तारे व पदके चढवून तिला खेळ म्हणण्याचा प्रघातही मला मान्य नाही. त्यात बक्षीस नवे असते, पाठांतर मात्र जुनेच.

खरा खेळ कसा असतो, याचे उदाहरण जुने आहे. १९७१ साली, म्हणजे आपले ‘किशोर’ मासिक निघाले त्याच वर्षी, अमेरिकेतील मिनियापोलिस येथे डॉन रॉविच या प्रशिक्षणार्थी शिक्षकाने दोन सहकाऱ्यांच्या साह्याने ‘ओरेगन ट्रेल’ हा संगणकीय खेळ इतिहासाच्या वर्गात आणला. पडदा नव्हता, दूरमुद्रक यंत्र कागदावर ओळी छापी. पश्चिमेकडे निघालेल्या तांड्यासाठी बैल, अन्न, काडतुसे व कपडे यांवर किती रक्कम खर्चावी हे मुलांनी ठरवावयाचे, आणि त्या निवडीचे फळ पुढील मजलांत भोगावयाचे. यंत्र एकच असल्याने मुले गटाने खेळत : एकाने टंकन करावे, दुसऱ्याने नकाशा पाहावा, तिसऱ्याने जमाखर्च सांभाळावा. ज्या घरात एकच मोबाइल असतो आणि तोही दिवसभर वडिलांबरोबर शेतावर जातो, तेथील मुलांसाठी ही गटाची रीत मला फार मोलाची वाटते.

असा खेळ आपल्या मातीतून निर्माण व्हावा, आणि त्यासाठी हिवरे बाजारचा विषय घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हे अवर्षणप्रवण गाव दरवर्षी पडलेला पाऊस मोजते, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते, पिण्याचे पाणी आधी राखून मगच पिके ठरवते, आणि शेतीसाठी बोअर घेण्यास मज्जाव करते. खेळात चार मुलांची ग्रामसभा असावी. पर्जन्यमापकाचा आकडा हाती पडताच ज्वारी, हरभरा की कांदा याची मसलत व्हावी. कोणी उसाचा हट्ट धरून बोअर घेतलीच, तर उन्हाळ्यात शेजारच्या विहिरीचा तळ पडद्यावर दिसावा आणि चुकलेल्या गटास पुढचे वर्ष त्याच शिल्लक पाण्यावर काढावे लागावे. भूजल, बाष्पीभवन, टक्केवारी या बाबी मग गुणांसाठी नव्हे, तर गाव वाचवण्यासाठी लागतील, आणि मुले त्या आपण होऊन विचारतील.

या कामी स्वतंत्र तरतूद व्हावी. खेळ इंटरनेटविना शाळेतील एकाच पडद्यावर चालावा, खर्डा मंजुरीपूर्वी दुष्काळी तालुक्यांतील वर्गांत खेळवून पाहावा, आणि पावसाचा आकडा बदलण्याची मुभा शिक्षकास असावी, म्हणजे माणची मुले माणचा आणि दापोलीची मुले दापोलीचा पाऊस त्यात भरू शकतील.



आपला,
भूगोलाचा एक शिक्षक