तळपायावरचा तीळ

तळहातावर तीळ म्हणजे पैसा आणि तळपायावर तीळ म्हणजे प्रवास, असे आपल्याकडे म्हणतात. भविष्यातले मला कळत नाही. पण तळपायावर नवा काळा डाग उठला, तर प्रवास जरूर करावा, आणि तो डॉक्टरांकडे!

त्वचेतील रंगपेशी एका जागी गोळा झाल्या की तीळ होतो. रंग एकसारखा, कडा रेखीव आणि वर्षानुवर्षे बदल नाही, अशा तिळाची काळजी करू नये.

काही तीळ मात्र वेगळे असतात. एखादा निळसर दिसतो, कारण त्याचा रंग त्वचेत खोलवर असतो. शाळकरी मुलांत कधी तिळाभोवती पांढरे कडे उमटते आणि घरचे कोड समजून घाबरतात. हे दोन्ही बहुधा निरुपद्रवी असतात. तरी एकदा दाखवून घ्यावेत. चाळिशीनंतर असे कडे आले तर तपासणी हवीच. जन्मतःच वीतभर पसरलेला केसाळ तीळ असेल, तर मुलाला त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ठेवावे.

रंगपेशींच्या कर्करोगाला मेलॅनोमा म्हणतात. गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे तो कमी आढळतो. पण आपल्यात तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. इथेच घोटाळा होतो. तानसा परिसरात अनवाणी चालणाऱ्याला काटा मोडणे नवीन नाही. त्यामुळे तळव्यावरचा काळा डाग म्हणजे काटा किंवा कुरूप असेच धरले जाते. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 मध्ये हाच रोग सापडला. आधी तो फुटबॉलची दुखापत वाटला होता. 1981 मध्ये वयाच्या अवघ्या 36व्या वर्षी तो गेला.

मग ओळखायचे कसे? डाग वाढतो, दोन बाजू सारख्या दिसत नाहीत, कडा वेड्यावाकड्या होतात, एकाच डागात दोन-तीन रंग दिसतात, खाज सुटते किंवा रक्त येते. एकाच नखावर उभी काळी रेघ येऊन रुंदावते, काळेपणा नखाशेजारच्या कातडीवर उतरतो. दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीला हा रोग बहुधा दुखत नाही.

अशा डागावर बिब्बा घालणे, चुना लावणे, घोड्याचा केस बांधणे किंवा ब्लेडने तासणे, हे प्रकार बंद झाले पाहिजेत. वरचा भाग जातो, मूळ आत वाढत राहते आणि खरी ओळख पटायला उशीर होतो.

माझे आम्हा डॉक्टरांनाही सांगणे आहे. संशयास्पद तीळ किंवा न भरणारे 'कुरूप' काढले, तर तो तुकडा कचऱ्यात न टाकता तपासणीला पाठवावा. रुग्णानेही तसा आग्रह धरावा. रोग त्वचेत किती मिलिमीटर खोल गेला आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. एक मिलिमीटरच्या आत सापडला, तर शस्त्रक्रियेने बहुतेक रुग्ण बरे होतात.

शहापूरच्या उपजिल्हा किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात आधी दाखवावे. गरज पडल्यास परळचे टाटा रुग्णालय आहेच. पण सुरुवात घरातूनच व्हावी. म्हाताऱ्या माणसांना स्वतःचा तळवा दिसत नाही. लावणी आटोपली की त्यांचे पाय धुऊन, उजेडात एकदा नीट पाहा.