खाड्यानंतरचा दिवस

येत्या आठवड्यात रथसप्तमी आहे. त्या सकाळी राज्यातल्या कितीतरी शाळांच्या मैदानांवर मुलं रांगेत उभी राहतील, शिट्टी वाजेल आणि सामूहिक सूर्यनमस्कार होतील. एकाच वेळी शेकडो मुलं वाकताना, श्वास घेताना पाहायला मला मनापासून आवडतं. माझी काळजी दुसऱ्या दिवसाची, माघ शुद्ध अष्टमीची आहे. तेव्हा मैदान रिकामं असतं, आणि पीटीचा तास गणिताचा राहिलेला धडा पुरा करायला गेलेला असतो.

ज्यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन प्रचार केला, त्यांना असा एका दिवसाचा नमस्कार नको होता. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी तरुणपणी युजीन सँडो या त्या काळच्या जगप्रसिद्ध बलोपासकाच्या पद्धतीने, साधनं आणवून व्यायाम करत. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते नमस्कारांकडे वळले आणि मग ते त्यांनी आयुष्यभर घातले. राणीसाहेब घालत, मुलं घालत, संस्थानातल्या शाळांमध्येही ते रोजचे झाले. १९३८ साली लंडनहून त्यांचं ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे इंग्रजी पुस्तक निघालं. औंधची गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती राजाच्या पिळदार शरीरासाठी नाही. ज्याला कुठलंही साधन परवडलं असतं, अशा माणसाने सतरंजीएवढ्या जागेत, विनाखर्च होणारा व्यायाम निवडला आणि तो घरच्यांसोबत केला. तो टिकण्यामागे या दोन्ही गोष्टी होत्या, असं मला वाटतं.

शिस्त म्हटलं की आपल्याकडे अजूनही छडीच आठवते. पहाटे पाचला उठायचं, गार पाण्याने आंघोळ, तासभर घाम, साखर बंद, भात बंद. या सदराकडे जानेवारीत येणारी पत्रं अशा संकल्पांनी भरलेली असतात आणि फेब्रुवारीतली पत्रं अपराधी सुरात लिहिलेली असतात. ‘चार दिवस खाडा झाला आणि मग सगळंच सुटलं,’ हे वाक्य थोड्याफार फरकाने दर वर्षी येतं. ते लिहिणारी माणसं आळशी नसतात. कुणाची परीक्षा असते, कुणाची सासू दवाखान्यात असते, कुणाची कामाची पाळी बदललेली असते. चार दिवसांनी त्यांना पुन्हा तासभराचा डोंगर चढायचा असतो, आणि तो पाहूनच पाय गळतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक साधी गोष्ट निवडायची, दुपारच्या जेवणासोबत फळ खाणं किंवा रात्रीच्या जेवणाआधी थोडं धावणं अशी, आणि ती रोज त्याच प्रसंगाला जोडून करायची. ती आपसूक व्हायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं, पण माणसागणिक फरक मोठा होता. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एकवीस दिवसांत सवय लागते, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हे वाचावं. मला मात्र त्यातला दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याच्या ओघात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मोबाइलवरची बरीच ॲप एक दिवस चुकताच सगळी मोजणी शून्यावर आणतात. शरीर तसं काही करत नाही. म्हणून नवी सवय निवडताना मी एकच कसोटी लावायला सांगेन: चार दिवस खाडा झाल्यावर, दमलेल्या, कंटाळलेल्या संध्याकाळीही हे मला पुन्हा करता येईल का? तासभर नाही येणार. तीन नमस्कार येतील. जेवण झाल्यावर दारासमोरच्या रस्त्यावर दोन फेऱ्या येतील. झोपण्याआधी पाच मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून शांत बसणं येईल.

एवढ्याशाने काय होणार, हा प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवते, आणि तीन नमस्कारांनी तो आकडा गाठला जात नाही. पण एका वेळी निदान दहा मिनिटं तरी सलग झाली पाहिजेत, ही जुनी अट संघटनेने २०२० साली काढून टाकली. तुकड्यातुकड्यांनी केलेलंही मोजलं जातं. आणि तीन रुळले की त्यांचे बारा करायला वेगळा संकल्प लागत नाही. (गुडघेदुखी, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर काय करायचं आणि काय टाळायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.)

आनंदाचा भाग आपण फार उशिरा विचारात घेतो. तो नंतर मिळायचं बक्षीस म्हणून ठेवला की सवय तिथवर पोहोचतच नाही. डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५मध्ये मुंबईतल्या एका बागेत पाचेक जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला. सुरुवातीला विनोद सांगत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, काही बोचरे होऊ लागले, लोकांना नकोसे वाटले. तेव्हा विनोद बंद झाले आणि नुसतंच, कारणाशिवाय हसायचं ठरलं. आज गावोगावच्या बागांमध्ये सकाळी ते हसू ऐकू येतं. तिथे येणाऱ्या आजी-आजोबांना विचारलं, तर व्यायामाआधी ते सोबत्यांविषयी बोलतात. कोण आलं, कोण आलं नाही, कुणाला फोन करायला हवा. दोन दिवस दिसला नाही म्हणून कुणी चौकशी केली की तिसऱ्या दिवशी माणूस येतो. मंगळागौरीच्या झिम्मा-फुगड्या रात्रभर चालतात त्याही याच बळावर. घामाघूम झालेल्या बायकांना कुणी व्यायाम करायला सांगितलेलं नसतं.

पण त्याच बायकांच्या रोजच्या सकाळीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आरोग्याचे बहुतेक सल्ले सकाळचा वेळ आपल्या हातात असतो असं धरून चालतात. साडेपाचला कणीक भिजवणाऱ्या, तीन डबे भरून सव्वासातची लोकल पकडणाऱ्या बाईकडे तो वेळ नसतो. तिला कुणी सांगतं की ओट्याशी उभ्या उभ्या टाचा वर-खाली करा, दुधाला उकळी येईपर्यंत एका पायावर तोल सांभाळा. करावं, उपयोगाचं आहे. तरीही मला ते अपुरं वाटतं. कामातच व्यायाम बसवायचा म्हणजे तिच्या वाट्याला मोकळा श्वास येतच नाही, कामावर आणखी एक काम चढतं. ज्या पंधरा मिनिटांत तिला कुणी हाक मारणार नाही, ती पंधरा मिनिटं घराने तिला द्यायला हवीत. त्यासाठी नवऱ्याने पोळ्या लाटायला शिकावं, दहावीतल्या मुलाने स्वतःचा डबा भरावा.

शाळांकडेही एवढंच मागणं आहे. रथसप्तमीचा कार्यक्रम जरूर करा. पण त्याच आठवड्याच्या वेळापत्रकात परिपाठानंतर दहा मिनिटं कायमची राखून ठेवा आणि ती कुठल्याही विषयाच्या राहिलेल्या धड्यासाठी घेऊ नका. ज्या दिवशी पावसामुळे किंवा परीक्षेमुळे ती बुडतील, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांना न रागावता पुन्हा रांगेत उभं करा. पालकसभा होतच असतात. त्यात मार्कांच्या आधी या दहा मिनिटांचा प्रश्न विचारायला पालकांना कुणाची परवानगी लागत नाही.