मर्सिडीज आणि चौदा मिनिटे

1995 साली पुण्यात मर्सिडीज बनू लागली, तेव्हा शनिवार पेठेचा पहिला प्रश्न ठरलेलाच होता : ‘ॲव्हरेज किती देते?’ हसू नका, प्रश्न रास्त आहे.

आज ओंकारेश्वराजवळच्या बोळांतूनही अशा गाड्या मुंबईला निघतात. द्रुतगती मार्ग सुमारे 94 किलोमीटरचा. ताशी 100 ऐवजी 80 ने गेलात, तर फार तर चौदा मिनिटे जास्त. (तेवढी अप्पा बळवंत चौकातही जातात!) पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, 100 ला तो 80 च्या दीडपटीहून अधिक. गाडी कितीही भारी असो, इंधन खाते ते तिथेच. टायरमधली हवा मात्र निघण्यापूर्वी, टायर गार असताना तपासावी.

एका बचतीला आमचा सक्त विरोध आहे : खंडाळ्याचा घाट न्यूट्रलमध्ये उतरणे. ही कार्ब्युरेटरच्या काळातली खोड. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर इंधनपुरवठा जवळजवळ थांबतोच. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागते, सारा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. मागच्या सीटवर तेव्हा नातवंडे झोपलेली असतात.