बाळाची जागा

जळकोटच्या पेठेतून सोयाबीनचा टेम्पो उदगीरकडे निघतो, तेव्हा पोत्यांवर ताडपत्री पसरली जाते, दोरखंड दोन्ही बाजूंनी आवळला जातो आणि शेटजी स्वतः गाठ ओढून पाहतात. त्याच घरची मोटार चार दिवसांनी सुनेला आणि तान्ह्या नातवाला माहेरहून आणावयास लातूरला जाते. परतताना नातू आजीच्या मांडीवर असतो आणि आजी मानाची म्हणून पुढच्या आसनावर. माल बांधलेला असतो, बाळ मात्र मोकळे असते. यात कोणाचे प्रेम उणे नसते. उणी असते ती माहिती.

मांडी ही घरात बाळाची सर्वांत सुरक्षित जागा खरी. धावत्या गाडीत ती तशी राहत नाही. हिशेब साधा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकून सेकंदाच्या विसाव्या भागात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवण्यास सुमारे २८० किलोंचे ओझे पेलण्याइतके बळ लागते. जिथे सराईत हमालही हात टेकेल, तिथे आजीच्या हातांचा काय पाड? आपल्याच पट्ट्यात बाळाला गुंडाळून घेणे तर याहून घातक, कारण मोठ्या माणसाचा सारा भार त्या कोवळ्या देहावर येतो.

मागे बसले म्हणजे धोका टळला, ही समजूतही मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन तपासली आहे. रेणापूर मतदारसंघातून अनेकदा विधानसभेवर गेलेले गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत अपघातात गेले. ते मोटारीत मागे बसले होते आणि दुसरी गाडी बाजूने येऊन धडकली होती. स्वतः डॉक्टर असलेले तत्कालीन आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी त्यानंतर मागच्या पट्ट्याचे महत्त्व कळकळीने सांगितले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला, तेव्हाही मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता.

मग बाळाची जागा कोणती? पहिला नियम असा, की बाळ मागच्या आसनांवर, आपल्या स्वतंत्र बालआसनात आणि तोंड गाडीच्या मागील बाजूस करून असावे. नवजात बाळाचे डोके त्याच्या देहाच्या लांबीचा चौथा हिस्सा असते. मान मात्र कोवळी. तोंड पुढे असेल तर धडकेत डोके झटक्याने पुढे फेकले जाऊन ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर आसनाची पाठ डोके, मान आणि पाठ यांना एकत्र झेलते. स्वीडनचे प्राध्यापक बर्टिल अल्डमन यांनी १९६० च्या दशकात हा विचार पुढे आणला. अंतराळवीर यानात पाठीवर भार घेत बसतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. आसनावर लिहिलेली वजन व उंचीची मर्यादा संपेपर्यंत बाळाला असेच बसवावे. वाढदिवस झाला म्हणून तोंड पुढे वळविण्याची घाई करू नये.

पुढच्या आसनावर अशी रचना कदापि करू नये. तिथली एअरबॅग उघडते ती क्षणार्धात, आणि नेमकी बालआसनाच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्याशी आदळते. मोठ्यांना तारणारे साधन तिथे बाळाच्या जिवावर उठते.

मागे तीन जागा असतात. मधली जागा दोन्ही दरवाजांपासून दूर, त्यामुळे बाजूच्या धडकेपासूनही दूर. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन वर्षांपर्यंतच्या, बालआसनातील मुलांना मधल्या जागी इजा होण्याचा धोका कडेच्या जागांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी आढळला. परंतु आपल्याकडील अनेक जुन्या गाड्यांत मधल्या जागी केवळ कमरेचा पट्टा असतो, गादी उंच असते आणि आसन डुलते. आयसोफिक्सचे आकडेही बहुधा कडेच्या दोन जागांनाच असतात. अशा वेळी डावीकडची मागची जागा निवडावी. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. म्हणून बाळाला उतरविताना आई रहदारीत नव्हे, रस्त्याच्या कडेला उभी राहते. थोडक्यात, आसन घट्ट बसत असेल तर मध्यभाग, नसेल तर डावी बाजू. घट्टपणा हाच खरा निकष. सैल मध्यभागापेक्षा घट्ट कडा बरी.

घट्टपणा पाहण्याची रीत टेम्पोची गाठ पाहण्यासारखीच आहे. जिथून पट्टा किंवा आकडा जातो, तिथे धरून आसन हलवावे. ते एका इंचाहून अधिक सरकता कामा नये. बाळाच्या खांद्यावरील पट्टा चिमटीत धरता येऊ नये. जाड दुपटे पट्ट्याच्या आत नको, हवे तर वरून पांघरावे. अपघातात सापडलेले जुने आसन नातेवाइकांकडून प्रेमाने मिळाले तरी घेऊ नये.

कायद्यानेही हे सांगितले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित नसल्यास १,००० रुपये दंड आहे. पण दंड ही या व्यवहारातील सर्वांत किरकोळ रक्कम. बालआसनाला काही हजार रुपये लागतात. बारशाच्या भोजनात एक पक्वान्न कमी केले तरी ते सुटतात.

‘आयुष्य असेल तर कोण काय करणार’ असे घरातील वडीलधारे म्हणतात. आयुष्यकर्म खरेच, पण जैन धर्माने पुरुषार्थ कधी नाकारलेला नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेचे मूळ प्रमादात दाखविले आहे. पायाखालच्या मुंगीसाठी जी जयणा पाळली जाते, पाणी गाळताना जी पाळली जाते, तीच चार चाकांवर बसलेल्या आपल्या तान्ह्यासाठी पाळावी. कुंथलगिरीच्या दर्शनाला निघताना नवकार म्हणावाच. पण त्याआधी बाळाच्या आसनाची गाठ एकदा ओढून पाहावी.